अकरा महिने संपत आलेत आणि रिन्यू करायचं नाही: घरमालकाला कळवायचं कसं

नाशिकच्या इंदिरानगरमधला आमचा पहिला फ्लॅट सोडताना आपण रीतसर नोटीस दिली आहे, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. मे महिन्यात एका सकाळी घरमालक जिन्यात भेटले, हातात दुधाची पिशवी. मी म्हटलं, "काका, जूनअखेर आम्ही सोडतोय बरं का." ते म्हणाले, "बघू की, अजून वेळ आहे." झालं, माझ्या हिशेबी कळवून झालं.

३० जूनला टेम्पो खाली उभा असताना काका म्हणाले, "असं ऐनवेळी सांगितलंत तर मी भाडेकरू कुठून आणू? महिन्याची नोटीस करारात आहे ना?" करार काढून बघितला. होती. आणि तिच्या आधी 'लेखी' हा शब्दही होता. चाळीस हजारांच्या डिपॉझिटमधून एका महिन्याचं भाडं, साडेतेरा हजार, कापलं गेलं. माझ्याकडे पुरावा काय, तर जिना आणि दुधाची पिशवी.

काका वाईट नव्हते. दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचं ताट यायचं. म्हणूनच तर मला कागद लिहायचा संकोच वाटला होता. नाशिकमध्ये मालक बऱ्याचदा वरच्या नाहीतर खालच्या मजल्यावरच राहतो, त्याला काका-काकू म्हणायचं आणि त्यालाच नोटीस पाठवायची, हे जड जातं. त्यानंतर मी तीन घरं सोडली. तिन्ही वेळा आधी बोललो आणि त्याच संध्याकाळी लिहून पाठवलं. फराळ बंद झाला नाही आणि डिपॉझिटही पूर्ण परत आलं.

आधी करार बाहेर काढा

आपल्याकडे फ्लॅट दिला जातो तो बहुतेक अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर. म्हणजे कायद्याच्या भाषेत आपण भाडेकरू नसून परवानाधारक. ठरलेली मुदत संपली की हा परवाना आपोआप संपतो, तो संपवण्यासाठी कुणी काही रद्द करावं लागत नाही. 'रिन्यू' हा शब्दही तसा फसवाच. प्रत्यक्षात दरवेळी नवा करार होतो, पुन्हा थंब (अंगठ्याचा ठसा) द्यावा लागतो, पुन्हा स्टँप ड्युटी आणि महापालिका हद्दीत हजार रुपये नोंदणी फी. साडेतेरा हजार भाडं आणि चाळीस हजार डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांची स्टँप ड्युटी पाव टक्क्याने चारशेच्या घरात जाते. एजंटचे पैसे वेगळे.

मग मुदत आपोआप संपत असेल तर नोटीस कशाला? दोन कारणं आहेत. एक म्हणजे करारातलं कलम. काही करारांत 'मुदतीआधी सोडायचं असल्यास एक महिन्याची लेखी नोटीस' असं असतं, काहींत नुसतंच 'घर सोडताना एक महिन्याची लेखी नोटीस'. पहिल्या प्रकारात मुदत संपवून जाणाऱ्याला नोटीस काटेकोरपणे लागत नाही, दुसऱ्यात लागते. हा फरक शांतपणे वाचल्याशिवाय कळत नाही, म्हणून सरळ द्यावीच. दुसरं कारण डिपॉझिटचं. मालकाने तुमचं डिपॉझिट बँकेत बाजूला ठेवलेलं असतं असं कुणीही समजू नये. नव्या भाडेकरूकडून येईल त्यातून जुन्याचं द्यायचं, असाच बहुतेकांचा हिशेब असतो. त्याला जेवढं आधी कळेल, तेवढे तुमचे पैसे लवकर सुटतात.

करारात चार गोष्टींवर पेन्सिलने खूण करा: मुदत कधी सुरू होऊन कधी संपते, लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही) किती महिन्यांचं आहे, नोटीस किती दिवसांची आणि कोणत्या पद्धतीने द्यायची, आणि डिपॉझिट कधी परत मिळणार व त्यातून काय कापता येईल. सोबत वस्तूंची यादी जोडलेली असेल (पंखे, गीझर, मॉड्युलर किचन, इन्व्हर्टर) तर तिचा फोटो आत्ताच काढून ठेवा.

करार सापडत नसेल तर ज्या एजंटने थंब घेतला होता त्याच्याकडे पीडीएफ असते. करार नुसताच नोटरी केलेला निघाला, नोंदवलेला नसला, तरी घाबरू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अटींबद्दल वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. हे कलम माहीत असू द्या. पहिल्याच फोनवर मात्र ते मालकाच्या तोंडावर फेकू नका.

तारीख मोजताना हमखास चुकते

करार १ ऑगस्टला सुरू झाला तर अकरा महिने ३० जूनला भरतात. वर्षभराच्या सवयीने लोक ३१ जुलै धरून बसतात. १५ ऑगस्टला सुरू झालेला करार १४ जुलैला संपतो. ही चूक महागात पडू शकते, कारण मुदत उलटूनही घर अडवून ठेवलं तर याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. ओळखीच्या मालकाने चार दिवस वाढवून दिले तर प्रश्न नाही, पण 'चालतंय' एवढं मेसेजवर घ्यावं.

आता मागे मोजा. शेवटचा दिवस ३० जून आणि नोटीस एका महिन्याची, तर पत्र ३१ मेच्या आत मालकाच्या *हातात* पडायला हवं. तुम्ही कधी टाकलं हा मुद्दा गौण. मी दहा-बारा दिवसांची पदरची सूट धरतो, म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यात पत्र रवाना. दोन महिन्यांची अट असेल तर एप्रिलमध्येच.

हंगामाचाही थोडा विचार करा. एप्रिल-मेमध्ये कळवलं तर मालक फारशी कुरकुर करत नाही. कॉलेज रोड, गंगापूर रोडला ॲडमिशनची मुलं आणि बदलीवर आलेली कुटुंबं त्याच सुमारास घर शोधत असतात. तुमची मुदत भाद्रपदात संपत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. पितृपक्षात नव्या घरात पाऊल टाकायला आपल्याकडे लोक तयार होत नाहीत, फ्लॅट पंधरा दिवस रिकामा राहणार हे मालकाला दिसत असतं आणि तो तुम्हालाच 'अजून एक महिना राहा ना' म्हणतो. अशा वेळी महिन्याऐवजी दीड-दोन महिने आधी सांगितलं तर त्याला गणपतीच्या आधी नवा माणूस शोधता येतो. पंचवटी, तपोवनाच्या बाजूला तर २०२७ च्या सिंहस्थाकडे डोळे लावून बसलेले मालक आहेत. तुम्ही सोडताय म्हटल्यावर कदाचित त्यांना आनंदच होईल. त्या आनंदात 'मग या रविवारीच करा ना रिकामं' असं आलं तर करारातली तारीख दाखवा, मुदतीपर्यंत घर तुमचं आहे.

आधी फोन, मग कागद

थेट पत्र पाठवलं तर माणूस बिथरतो. फोन करा, किंवा वरच राहत असतील तर जाऊन बसा. चहा होऊ द्या. आणि गुळमुळीत बोलू नका. 'बघतोय दुसरीकडे', 'बहुतेक सोडू' असं म्हटलं की समोरचा ते नोटीस म्हणून धरत नाही आणि तुमचीही तारीख पक्की होत नाही. सरळ सांगा: "काका, ३० जूनला करार संपतोय, पुढे रिन्यू करत नाही. तीसला घर रिकामं करून चावी देतो. तसं लिहूनही पाठवतो, म्हणजे तुमच्याकडेही राहील."

तो शेवटचा अर्धा भाग फार कामाचा आहे. आता येणारा कागद भांडणाचा नाही, नोंदीचा आहे, हे त्यातून आधीच कळतं.

कारण सांगायचं का? मी थोडक्यात सांगतो, ऑफिस लांब पडतं वगैरे. पाणी येत नाही, पार्किंगवरून कटकट होते, अशा तक्रारी या वेळी काढू नयेत. त्यातून 'मी पाण्याचं करून देतो, थांबा' किंवा 'तुम्हीच नळ खराब केलात' यांपैकी एक संवाद सुरू होतो आणि दोन्हींत तारीख हरवते. एजंटला सांगणं म्हणजे मालकाला सांगणं नव्हे, हेही ध्यानात असू द्या. करारावर सही ज्याची, नोटीस त्याला. नवरा-बायको दोघांच्या नावावर फ्लॅट असेल आणि दोघांच्या सह्या असतील तर पत्रावर दोन्ही नावं घाला.

पत्रात काय लिहायचं

वकिली भाषा लागत नाही. 'सदरहू', 'उपरोक्त' घातल्याने पत्राचं वजन वाढत नाही. मी नंतर वापरलेला मजकूर असा (तपशील त्या पहिल्या फ्लॅटचे घातलेत):

> दिनांक: १८ मे
>
> प्रति, श्री. … आणि सौ. … (करारात आहे तसा पूर्ण पत्ता)
>
> विषय: फ्लॅट क्र. …, … सोसायटी, इंदिरानगर, नाशिक येथील लिव्ह अँड लायसन्स करार पुढे न वाढवण्याबाबत
>
> स. न. वि. वि.
>
> वरील फ्लॅटबाबत आपल्यातील दिनांक … रोजी नोंदवलेल्या करार क्र. … ची मुदत ३० जून रोजी संपत आहे. मुदत संपल्यानंतर करार पुढे वाढवण्याचा माझा विचार नाही. करारातील कलम … प्रमाणे ही एक महिन्याची लेखी नोटीस समजावी.
>
> ३० जून रोजी सकाळी ११ वाजता मी फ्लॅट रिकामा करून सर्व चाव्यांसह ताबा देईन. त्या वेळी आपण किंवा आपला प्रतिनिधी हजर राहून पाहणी करावी, ही विनंती. जूनअखेरपर्यंतचं भाडं आणि वीजबिल मी भरेन.
>
> अनामत रक्कम रु. ४०,०००/- करारात ठरल्याप्रमाणे माझ्या … बँकेतील खात्यात जमा करावी. काही रक्कम वजा करायची असल्यास तिचा तपशील लेखी कळवावा.
>
> पत्र मिळाल्याची पोच द्यावी.
>
> आपला, (सही, नाव, मोबाइल)

तारीख, ताबा, डिपॉझिट, पोच. एवढं आलं की झालं. आभाराचं एखादं वाक्य घालायचं तर जरूर घाला, पण भाडं वाढवलं म्हणून सोडतोय वगैरे लिहू नका. 'शक्यतो', 'साधारण' हे शब्द दिसले तर खोडा.

पाठवायचं कसं

मालक नाशिकमध्येच असेल तर हातोहात देणं सगळ्यांत सोपं. दोन प्रती न्या, एकीवर 'मिळाले', सही आणि तारीख घ्या. सही मागायला संकोच वाटत असेल तर 'ऑफिसात एचआरएसाठी (घरभाडे भत्त्यासाठी) लागतं' म्हणा. पूर्ण खरं नाही, पण कुणाचं वाईटही होत नाही.

सही मिळणार नसेल किंवा मालक मुंबई-पुण्याला असेल तर पोस्ट. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. त्यामुळे काउंटरवर स्पीड पोस्ट सांगून नोंदणी आणि पोचपावती हवी, असं स्पष्ट म्हणा. करारातला पत्ता जसाच्या तसा घाला. पावतीवरचा नंबर जपून ठेवा, चार दिवसांनी ट्रॅकिंगमध्ये 'वितरित' दिसलं की स्क्रीनशॉट घ्या. कधी कधी पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत येतं. ते फोडू नका! बंद पाकीट, वरचा शेरा आणि पोस्टाचा शिक्का हाच तुमचा पुरावा असतो.

त्याच दिवशी पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवरही टाका आणि खाली दोन ओळी टाइप करा, नुसता फोटो नको. 'ठीक आहे' असं उत्तर आलं तर उत्तमच. निळ्या टिका मात्र बंद करून ठेवलेल्या असू शकतात, त्यांच्यावर विसंबू नये. प्रकरण कोर्टात गेलंच तर चॅट पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून चॅट डिलीट करू नका आणि फोन बदलताना बॅकअप घ्या.

मधला महिना

या काळात एजंट नवे भाडेकरू घेऊन येतील. ठरावीक वेळ देऊन टाका, उदाहरणार्थ रोज संध्याकाळी सहा ते आठ. घर नीट आवरून दाखवलं तर लवकर जातं आणि त्यात तुमचाच फायदा आहे.

शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करा, असं पुष्कळ जण परस्पर ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. मालकाने लेखी हो म्हटलं तर खुशाल करा. नाहीतर थकबाकीदार तुम्ही ठरता आणि मग पंख्याच्या पात्यापासून सगळं मोजलं जातं.

दुरुस्तीकडे आता बघा. खिळ्यांची भोकं व्हाइट सिमेंटने बुजवली की पन्नास रुपयांत काम होतं, मालकाने केली की 'रंगकाम' होतं. रंगाच्या नावाखाली महिन्याचं भाडं कापायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. करारात तसं लिहिलं असेल तर इलाज नाही. नसेल तर नेहमीच्या वापराने मळलेली भिंत हे तुम्ही केलेलं नुकसान नव्हे, हे ठामपणे सांगा. आणि ओल! नाशिकच्या पावसात पश्चिमेकडच्या भिंतीवर पोपडे धरतातच. आमच्या दुसऱ्या घरात बेडरूमच्या खिडकीखाली थेट पाट्याएवढा डाग पडला होता. मी तो ऑगस्टमध्येच फोटो काढून मालकांना पाठवला होता: "काका, बाहेरून पाणी येतंय." घर सोडताना त्यांनी त्या डागाकडे बोट दाखवलं, मी मेसेज दाखवला, विषय संपला.

सोसायटीच्या सेक्रेटरींना आठवडाभर आधी सांगा. मालकाच्या एनओसीशिवाय (ना-हरकत पत्राशिवाय) टेम्पो बाहेर सोडायचा नाही असा काही सोसायट्यांत नियम असतो आणि तो वॉचमनला नेमका छोटा हत्ती भरून झाल्यावर आठवतो. भंगार, फुटक्या बादल्या, जुन्या गाद्या शेवटच्या दिवसावर ठेवू नका. घंटागाडीवाला गादी उचलत नाही, भंगारवाला रविवारी येतोच असं नाही. भाडेपावत्याही याच महिन्यात मागून घ्या. वर्षाला लाखावर भाडं असेल तर एचआरएसाठी मालकाचा पॅन लागतो. घर सोडल्यावर मार्चमध्ये फोन करून पॅन मागणं फार अवघड होतं, अनुभव आहे.

चावी देण्याचा दिवस

सामान निघाल्यावर, झाडून घेतल्यावर, मालक येण्याआधी सगळ्या घराचा एक सलग व्हिडिओ काढा. मुख्य दरवाज्यापासून सुरुवात करून प्रत्येक खोली, प्रत्येक नळ उघडून, प्रत्येक बटण दाबून. माळाही दाखवा.

मग खाली मीटरपाशी जा. महावितरणच्या मीटरचा पडदा आकडे बदलत राहतो, कधी तारीख, कधी व्होल्टेज. बाजूला 'केडब्ल्यूएच' दिसेल तो आकडा धरा आणि मीटर क्रमांकासह फोटो काढा. अखेरचं बिल तुम्ही गेल्यावर येणार, तोवर डिपॉझिट अडकवून ठेवायचं कारण नाही. आमचा हिशेब असा झाला होता: मागच्या बिलावरचं रीडिंग ४,८१२, आजचं ४,८७१, म्हणजे ५९ युनिट. मागचं बिल ११० युनिटांना १,०४० रुपये, म्हणजे सगळे आकार धरून युनिटला साधारण साडेनऊ. ५६० रुपये तिथेच जीपे केले, बिलाचा विषय मिटला.

पाइप गॅस असेल तर त्याच्या मीटरचंही असंच. सिलिंडर तुमच्या नावावर असेल तर एजन्सीत पत्ता बदलायचा किंवा कनेक्शन ट्रान्सफर करायचं, तो नव्या भाडेकरूला 'राहू द्या' म्हणून देऊन यायचा नाही.

चाव्या मोजून द्या आणि एका कागदावर लिहा: मुख्य दरवाजा तीन, बेडरूम दोन, गेटचं कार्ड एक. खाली 'फ्लॅटचा ताबा आज मिळाला, वस्तू यादीप्रमाणे आहेत' एवढं वाक्य आणि मालकाची सही. हा ताबापावतीचा कागद नोटिशीइतकाच महत्त्वाचा, कारण त्या दिवसापासून भाड्याचं मीटर थांबतं. काही कापायचं असेल तर रक्कम त्याच कागदावर लिहून घ्या. डिपॉझिट रोख घेऊ नका, खात्यातच मागा. चावी आणि पैसे एकाच वेळी व्हावेत हे सगळ्यांत चांगलं. मालक 'आठ दिवसांत देतो' म्हणाला तर ती तारीख कागदावर यावी.

पैसे आलेच नाहीत तर

ठरलेल्या तारखेनंतर चार दिवस थांबा, एक फोन करा, मग एक मेसेज, ज्यात रक्कम आणि तारीख दोन्ही असतील. पंधरा दिवसांनीही काही हललं नाही तर वकिलामार्फत नोटीस पाठवा. बरीच प्रकरणं लेटरहेड बघूनच मिटतात. त्याही पुढे जायचं तर सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तिथे दावा दाखल करण्याआधी लोकअदालतीत तडजोडीसाठी अर्ज करता येतो. वसुलीच्या दाव्याला पैसे देय झाल्यापासून तीन वर्षांची मुदत असते. पोलीस ठाण्यात गेलात तर हा दिवाणी वाद आहे असंच बहुधा ऐकायला मिळेल.

मालक मध्येच वारले तर डिपॉझिट बुडत नाही, वारसांकडे मागता येतं. मात्र कुणा एका मुलाला चावी देऊन मोकळं होऊ नका. ताबापावतीवर शक्य तितक्या वारसांच्या सह्या घ्या.

डिपॉझिट जमा झाल्याचा मेसेज आला की 'मिळालं, धन्यवाद' एवढं उत्तर त्याच चॅटवर टाका. नव्या घराचा नोंदणीकृत करार हातात आला की आधारचा पत्ता बदलून घ्या आणि मतदार यादीसाठी फॉर्म ८ भरा. जुन्या करारावर 'संपला' असं लिहून, ताबापावती, पोस्टाची पावती आणि मीटरचा फोटो त्यालाच टाचून एका पाकिटात ठेवा. तीन वर्षं तरी ते पाकीट भंगारवाल्याला जाऊ देऊ नका.